स्पोर्ट्स कारमध्ये फायर एक्स्टिंग्विशर घट्ट कसा बसवायचा? जागा, ब्रॅकेट, बोल्ट आणि तपासणी

बोईसर-तारापूर एमआयडीसीत काम करणाऱ्या माणसाला फायर एक्स्टिंग्विशर काय असतो हे वेगळे सांगावे लागत नाही. कंपनीच्या प्रत्येक शेडमध्ये, पॅनेल रूमच्या दाराशी, कँटीनच्या भिंतीवर लाल सिलिंडर टांगलेला असतो. त्यावर तपासणीचा टॅग असतो, काटा हिरव्या पट्ट्यात आहे की नाही हे दर महिन्याला कुणीतरी बघते. पण हाच माणूस सुट्टी झाल्यावर स्वतःच्या गाडीत बसतो तेव्हा काय चित्र असते? बऱ्याच गाड्यांत एक्स्टिंग्विशर नसतोच. ज्यांच्याकडे असतो, त्यांचा सीटखाली लोळत असतो किंवा डिकीत पिशव्यांच्या खाली गेलेला असतो.

आता चिल्लार फाटा, मनोर किंवा चारोटीला मुंबई-अहमदाबाद हायवेवर चढून गाडी पळवणारे हौशी लोक पालघर जिल्ह्यात कमी नाहीत. कुणाकडे दोन सीटची खरी स्पोर्ट्स कार आहे, तर कुणी साध्या हॅचबॅकला टर्बो आणि मोठे एक्झॉस्ट बसवून ती ‘स्पोर्ट’ केली आहे. अशा गाड्यांत इंजिन जास्त तापते, बाहेरून बदललेले वायरिंग आणि पेट्रोलच्या नळ्या असतात, त्यामुळे एक्स्टिंग्विशर हवाच. पण तो नुसता ‘असून’ भागत नाही, तो घट्ट बसवलेला असावा लागतो. सुटा सिलिंडर गाडीत ठेवणे म्हणजे एक धोका कमी करायला दुसरा धोका शेजारी आणून बसवणे.

या लेखात आपण बघू की सिलिंडरवर अपघातात किती जोर येतो, तो कुठे बसवायचा, ब्रॅकेट आणि बोल्ट कसे निवडायचे आणि बसवल्यावर खात्री कशी करायची.

सुटी वस्तू किती जोरात आदळते?

गाडी ताशी ८० किलोमीटरने धावते आहे आणि समोर काहीतरी आडवे आले. गाडी आदळून थांबते, पण सीटखालचा सुटा सिलिंडर थांबत नाही. त्याला कुणी धरलेलेच नाही, त्यामुळे तो त्याच ८० च्या वेगाने पुढे जात राहतो, जोपर्यंत कशावर तरी किंवा कुणावर तरी आदळत नाही.

८० चा वेग म्हणजे सेकंदाला साधारण २२ मीटर. एखादी वस्तू सुमारे २५ मीटर उंचीवरून सोडली तर जमिनीवर येईपर्यंत तिला हाच वेग येतो. म्हणजे आठ मजली इमारतीच्या गच्चीवरून कुणी २ किलोचा लोखंडी सिलिंडर खाली टाकला, तर तो जसा येईल, तसा हा तुमच्या पायावर किंवा शेजारच्या माणसावर येतो.

आपल्याच जिल्ह्यातली घटना सगळ्यांना आठवत असेल. ४ सप्टेंबर २०२२ रोजी गुजरातकडून मुंबईला येणारी मर्सिडीज चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर आदळली. त्यात टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि मागच्याच सीटवरचे त्यांचे सहप्रवासी यांचा मृत्यू झाला. मागच्या दोघांनी सीटबेल्ट लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. गाडी चांगली, एअरबॅग असलेली, तरीही जे बांधलेले नव्हते ते सुटले. त्यानंतर मागच्या सीटबेल्टवर देशभर चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण भौतिकशास्त्राचा तोच नियम गाडीतल्या प्रत्येक सुट्या वस्तूला लागू आहे, मग तो जॅक असो, पाण्याची स्टीलची बाटली असो की फायर एक्स्टिंग्विशर.

आणि हे फक्त मोठ्या अपघातात होते असे नाही. जोरात ब्रेक मारला तरी सीटखालचा गोल सिलिंडर घरंगळत पुढे येतो आणि ब्रेक पेडलच्या मागे अडकतो. पुढच्या वेळी पेडल दाबले की ते खाली जातच नाही. स्पोर्ट्स कारमध्ये पाय ठेवायची जागा अरुंद असल्याने हा प्रकार जास्त घातक.

रॅलीच्या गाड्यांचा नियम काय सांगतो?

जगभरातल्या मोटरस्पोर्टचे नियम एफआयए ही संस्था ठरवते. भारतात तिच्या वतीने एफएमएससीआय हे काम बघते. एफआयएच्या नियमांत हाताने वापरायच्या एक्स्टिंग्विशरबद्दल स्पष्ट अटी आहेत:

- सिलिंडरची बांधणी २५ जी इतका मंदनाचा जोर सहन करणारी हवी.
- बांधणी धातूच्या पट्ट्यांची हवी, त्या पट्ट्या झटकन उघडणाऱ्या हव्यात आणि किमान दोन हव्यात.
- ड्रायव्हर आणि सहड्रायव्हर दोघांचाही हात सहज पोहोचला पाहिजे.

२५ जी म्हणजे काय? सोप्या भाषेत, त्या क्षणी वस्तू आपल्या वजनाच्या २५ पट जोराने ब्रॅकेट ओढते. १ किलो पावडरचा एक्स्टिंग्विशर सिलिंडरसकट साधारण २ किलो भरतो. २ गुणिले २५ म्हणजे ५० किलो. सिमेंटची एक अख्खी गोण त्या ब्रॅकेटला लटकली आहे असे समजा. २ किलो पावडरचा सिलिंडर एकूण साडेतीन किलोच्या आसपास जातो, तिथे हाच जोर ८७ किलोच्या पुढे जातो.

आपण रॅली चालवत नाही हे खरे. पण हायवेवर ८० च्या वेगाने गाडी पक्क्या कठड्याला धडकली आणि पुढचा भाग ६० सेंटीमीटर चेपून थांबली, तर सरासरी मंदन ४० जीच्या वर जाते. त्यामुळे २५ जी हा आकडा फक्त रेसिंगवाल्यांचा म्हणून सोडून देऊ नका. घरच्या गाडीसाठीही तो कमीत कमी समजा.

आधी सिलिंडर योग्य घ्या

बसवण्याआधी काय बसवतोय ते ठरवू.

एबीसी पावडर, १ किलो: बहुतेक गाड्यांसाठी सोयीचा. पेट्रोल, वायरिंग, सीटचे कापड, तिन्हींच्या आगीवर चालतो. तोटा एकच, उडालेली पावडर ओलसर हवेत धातू आणि इलेक्ट्रॉनिक्स खाते, म्हणून आग विझल्यावर लगेच साफसफाई करावी लागते.

क्लीन एजंट: हा वायू किंवा पटकन उडून जाणारा द्रव असतो. मागे कचरा राहत नाही, त्यामुळे महागड्या गाड्यांचे मालक तो पसंत करतात. किंमत मात्र पावडरच्या कितीतरी पट.

सीओटू: कंपनीच्या पॅनेल रूममध्ये उत्तम, कारमध्ये नको. जाड लोखंडामुळे वजन जास्त, बंद केबिनमध्ये गुदमरण्याची भीती आणि कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर द्रव राहत नाही, त्यामुळे उन्हात तापलेल्या गाडीत सिलिंडरमधला दाब वेगाने चढतो.

आयएसआय मार्क आणि आयएस १५६८३ हा क्रमांक सिलिंडरवर छापलेला आहे ना, ते बघा. दाब दाखवणारा काटा आणि धातूचा व्हॉल्व्ह असलेलाच घ्या. सिलिंडरवर वापराचे कमाल तापमानही लिहिलेले असते, तेही वाचा. मे महिन्यात बोईसर स्टेशनबाहेर दिवसभर उभी राहिलेली गाडी आतून किती तापते हे तुम्हाला सांगायला नको.

जागा कुठली निवडायची?

दोन गोष्टी एकाच वेळी जमल्या पाहिजेत: सीटबेल्ट लावलेला असतानाही हात पोहोचावा आणि अपघातात सिलिंडर जागचा हलू नये.

चांगल्या जागा

१. ड्रायव्हर किंवा शेजारच्या सीटच्या पुढच्या कडेखाली, आडवा. सीटचे रूळ ज्या दोन पुढच्या बोल्टांनी जमिनीला बसतात, त्यांच्या मधे एक आडवी स्टीलची पट्टी टाकून त्यावर ब्रॅकेट बसवतात. गाडीला नवे भोक पाडावे लागत नाही, म्हणून स्पोर्ट्स कारमध्ये हीच पद्धत सर्वांत लोकप्रिय आहे. ड्रायव्हरच्या बाजूला पाय अडत असतील तर शेजारच्या सीटची जागा घ्या.

२. दोन सीटच्या गाडीत सीटमागच्या आडव्या लोखंडी भागावर. हात मागे जातो का, हे बेल्ट लावून आधी तपासा.

३. रोल बार असेल तर त्यावर धातूचे क्लॅम्प लावून. क्लॅम्प दोन हवेत, आणि डोके जिथे येऊ शकते तिथे सिलिंडर नको.

टाळायच्या जागा

- डॅशबोर्ड आणि मागच्या काचेखालची फळी: सर्वांत जास्त ऊन इथेच, आणि पकडायला मजबूत पत्राही नाही.
- दाराचा खिसा: धडकेत दारच आत येते.
- एअरबॅग जिथून उघडते तो कोणताही भाग.
- डिकी: मागून धडक बसली तर झाकण उघडत नाही. काही स्पोर्ट्स कारमध्ये इंजिनच मागे असते, म्हणजे आग तिथेच आणि औषधही तिथेच.

सिलिंडर आडवा की लांबीच्या दिशेने, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. गाडीच्या लांबीच्या दिशेने ठेवला तर समोरच्या धडकेत तो पट्ट्यांमधून बंदुकीच्या गोळीसारखा सरळ पुढे निसटू शकतो. यासाठी रॅलीच्या ब्रॅकेटला पुढच्या टोकाला वाकवलेली छोटी पट्टी असते, तिला अँटी-टॉर्पेडो टॅब म्हणतात. आडवा ठेवला तर समोरच्या धडकेचा जोर दोन्ही पट्ट्यांवर वाटला जातो. तरी टॅब दोन्ही टोकांना असलेले बरे, कारण धडक बाजूनेही बसते.

ब्रॅकेट आणि बोल्ट: कमजोर कडी कोणती?

एक्स्टिंग्विशरच्या खोक्यात जे प्लॅस्टिकचे किंवा पातळ पत्र्याचे हुक मिळते, ते भिंतीसाठी असते. भिंत ताशी ८० ने धावत नाही, त्यामुळे ते हुक गाडीत लावू नका.

हवे ते असे: स्टीलचे ब्रॅकेट, सिलिंडरच्या व्यासाला नेमके बसणारे, दोन धातूच्या पट्ट्या आणि त्यावर एका बोटाने उघडणारी लीव्हर क्लिप. सिलिंडर आणि धातू यांच्या मधे पातळ रबर ठेवा, म्हणजे आवाज होणार नाही आणि रंग घासून गंज चढणार नाही.

लोकांना वाटते की बोल्ट तुटेल. हिशोब केला तर उलटे दिसते. ८.८ ग्रेडचा एम ६ बोल्ट ताणात हजार किलोपेक्षा जास्त भार घेतो. आपल्याला तर ५० ते ९० किलोच हवेत! मग निसटते काय? गाडीच्या फ्लोअरचा पत्रा. तो जेमतेम एक मिलीमीटरच्या आसपास जाड असतो. बारीक वॉशर लावलेला बोल्ट तो पत्रा फाडून सरळ बाहेर येतो. म्हणून जिथे भोक पाडणे भागच असेल, तिथे खालून ३ मिलीमीटर जाडीची, तळहाताएवढी स्टीलची आधारपट्टी लावा. जोर मोठ्या क्षेत्रावर पसरला की पत्रा फाटत नाही. पत्र्यात नुसते स्क्रू पिळणे, पॉप रिव्हेट मारणे, डबल टेप, वेल्क्रो, झिप टाय, चुंबक, हे सगळे जुगाड बाद.

तयार ब्रॅकेट तुमच्या गाडीला बसत नसेल तर एमआयडीसीतल्या कुठल्याही चांगल्या फॅब्रिकेटरकडून आडवी पट्टी करून घेता येते. त्याला फक्त तीन गोष्टी सांगा: ३ मिलीमीटर स्टील, सगळ्या कडा घासून गोल, आणि बोल्टच्या भोकाभोवती जाड पावडर कोटिंग नको. कोटिंगचा मऊ थर बोल्टखाली दबत जातो आणि काही महिन्यांत बोल्ट सैल होतो.

बसवायची पद्धत, पायरी पायरीने

१. गाडी सपाट जागी उभी करा, इग्निशन बंद. सीटखाली वायर असतील तर बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि गाडीच्या पुस्तकात सांगितले आहे तितका वेळ थांबा. सीटमध्ये एअरबॅग आणि बेल्टचे कनेक्शन असते, त्याचे प्लग सहसा पिवळे असतात. ते ओढू नका.

२. सीट पूर्ण मागे घेऊन पुढचे दोन बोल्ट उघडा. ते बोल्ट अपघातात तुम्हाला धरून ठेवतात, त्यामुळे त्यांच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातले कुठलेही बोल्ट चालत नाहीत.

३. पट्टी बोल्टखाली ठेवली की बोल्ट तेवढा कमी आत जातो. आटे किमान बोल्टच्या व्यासाइतके आत बसलेच पाहिजेत. कमी पडत असतील तर त्याच ग्रेडचा थोडा लांब बोल्ट घ्या.

४. ब्रॅकेट पट्टीवर एम ६ बोल्ट आणि नायलॉक नट लावून पक्के करा. गाडीच्या कंपनामुळे साधा नट सुटतो.

५. सीटचे बोल्ट टॉर्क रेंचनेच, गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळा. रेंच नसेल तर हे एक काम गॅरेजवाल्याकडून करून घ्या.

६. सिलिंडर ठेवा. काटा वर, दिसेल असा. पिन आणि लीव्हर पायाच्या धक्क्यापासून दूर. नळी पट्टीखाली अडकलेली नको.

७. सीट पूर्ण पुढे, पूर्ण मागे, वर-खाली करून बघा. कुठेही घासता कामा नये.

फ्लोअरला भोक पाडणार असाल तर आधी गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघा. तिथून ब्रेकच्या, पेट्रोलच्या आणि सीएनजीच्या नळ्या जातात. इलेक्ट्रिक गाडीत तर खाली बॅटरीच असते, तिथे ड्रिल लावायचेच नाही. कार्बन फायबर किंवा ॲल्युमिनियमच्या बॉडीलाही स्वतःहून भोक नको, अशा गाड्यांना सीटच्या बोल्टवरची पट्टी हाच मार्ग.

बसला की नाही, कसे कळणार?

पहिली चाचणी जोराची. बॅग मोजायचा हुकचा डिजिटल काटा घ्या, तो बहुतेक ५० किलोपर्यंत मोजतो. सिलिंडरच्या मधल्या भागाला मजबूत पट्टा बांधा, मानेला किंवा व्हॉल्व्हला नाही. काट्याने पुढे, मागे, दोन्ही बाजूंना आणि वर सावकाश ओढा. ५० किलोला ब्रॅकेट वाकले, पत्रा फुगला किंवा सिलिंडर सरकला, तर काम पुन्हा करायचे. अपघातातला झटका आणि हे सावकाश ओढणे एकसारखे नसते. पण या चाचणीत नापास झालेले ब्रॅकेट अपघातात टिकणार नाही, एवढे नक्की कळते.

दुसरी चाचणी वेळेची. बेल्ट लावून बसा, डोळे मिटा आणि सिलिंडर काढा. पाच सेकंदांत हातात आला पाहिजे. धुरात काही दिसत नाही, म्हणून डोळे मिटूनच. घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाकडून हे एकदा करून घ्या.

समुद्राची हवा आणि एमआयडीसीची हवा

केळवे, शिरगाव, चिंचणी, डहाणू, सगळा किनारा खाऱ्या हवेचा. त्यात तारापूरकडच्या केमिकल कारखान्यांची हवा. इथे साध्या लोखंडाची क्लिप एका पावसाळ्यात गंजून अडकते, आणि मग ऐन वेळी उघडत नाही. शक्य तर पट्ट्या आणि क्लिप स्टेनलेस स्टीलच्या घ्या. पावसाळ्यात ओल्या चपला आणि मॅट यांमुळे सीटखाली पाणी साचते, म्हणून सिलिंडरचा तळ आणि ब्रॅकेट यांच्या मधली जागा कोरडी ठेवा.

महिन्यातून एकदा, समजा पगाराच्या दिवशी, एवढे करा:

- काटा हिरव्या पट्ट्यात आहे का?
- पिन आणि सील जागेवर आहे का?
- क्लिप उघडते-मिटते का? बोल्ट सैल झाले का?
- पावडरचा सिलिंडर काढून उलटा करा, तळावर रबरी हातोडीने किंवा हाताने हलके ठोका. गाडीच्या हादऱ्यांनी पावडर तळाला दगडासारखी बसते, ती मोकळी होते.

रिफिलची तारीख टॅगवर असते. ती उलटली की सर्व्हिसवाल्याकडे द्या. एकदा थोडासा जरी दाबला असेल तरी पूर्ण रिफिल करा, कारण व्हॉल्व्हमध्ये पावडर अडकून दाब हळूहळू निघून जातो.

आग लागलीच तर

आधी गाडी बाजूला, इंजिन बंद, सगळे बाहेर. मग सिलिंडर. १ किलोचा एक्स्टिंग्विशर दहा सेकंदांच्या आत संपतो, त्यामुळे तो पहिल्या छोट्या आगीसाठीच आहे. सिलिंडर उभा धरा. आतली नळी तळापर्यंत असते, आडवा धरला तर नुसता वायू निघून जातो आणि पावडर आतच राहते. बॉनेटखालून धूर येत असेल तर बॉनेट पूर्ण उघडू नका, हवा मिळून भडका उडतो. फक्त लॉक सोडून फटीतून मारा. आग मोठी असेल, सीएनजी टाकीजवळ असेल किंवा इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीची असेल तर सिलिंडर टाकून लांब व्हा. ११२ किंवा फायर ब्रिगेडला १०१ लावा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा हेल्पलाइन नंबरही आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

छोटा स्प्रे कॅन चालेल का?
त्यात औषध फार कमी असते आणि दाबाचा काटाही नसतो, त्यामुळे आत काही शिल्लक आहे का हे कळत नाही. काटा असलेला १ किलोचा सिलिंडर घ्या.

सिलिंडर आडवा ठेवला तर खराब होतो का?
ठेवायला हरकत नाही, पण त्या मॉडेलला आडवे बसवायची परवानगी आहे का हे सिलिंडरवर किंवा कंपनीकडून तपासा. वापरताना मात्र उभाच.

ब्रॅकेट मिळेपर्यंत काय करू?
सीटखाली सुटा ठेवू नका. डिकीत, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून, गाडीच्या बांधायच्या हुकांना पट्ट्याने आवळून ठेवा. हात पोहोचायला उशीर होईल, पण निदान तो तुमच्या अंगावर येणार नाही.

खर्च परवडेल का?
सिलिंडर तुम्ही घेणारच आहात. वर लागते ती एक पट्टी, दोन क्लिप, चार बोल्ट आणि गॅरेजमधला तासभर. ज्या गाडीच्या टायरवर तुम्ही हजारो रुपये घालता, तिच्यासाठी हा खर्च मोठा नाही. या रविवारी सीटखाली हात घालून बघा, सिलिंडर हातात सुटा आला तर सोमवारी ब्रॅकेटचे माप घ्या.